चपला बाहेर काढाव्यात

बाबा गडचांदूरच्या सिमेंट कंपनीतून रिटायर झाले ते एक जुना आरोग्य विमा मिरवतच. वाटेल त्या दवाखान्यात जा, वाटेल त्या डॉक्टरला दाखवा, बिलं मागाहून पाठवा. जिवतीच्या डोंगरात राहणाऱ्या आत्याकडे, त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, नुसतं सरकारी योजनेचं कार्ड. दवाखाना यादीतलाच, डॉक्टर तोच तो, आणि इलाजाआधी वरून मंजुरी.

शुगर दोघांनाही जुनी. पायाला टाचणी टोचली तरी कळू नये इतकी.

"बाई, तुले तं मराले बी परमिशन लागन," बाबा तिला चिडवायचे. मीही हसायचे. बाबांची फाईल माझ्याकडे असायची, त्यामुळे मलाही जरा शिंगं फुटली होती.

आत्याच्या चंद्रपूरच्या दवाखान्याबाहेर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. मंजुरी येईपर्यंत बिचारी दिवसभर बाकावर अनवाणी बसायची. आमचा थाट नागपूरचा. हृदयाला एक डॉक्टर, किडनीला दुसरा, डोळ्यांना तिसरा. काचेची दारं आपोआप उघडायची आणि बाबा पॉलिश केलेल्या बुटांसकट थेट गालिच्यावर. बूट काढा म्हणण्याचा आगाऊपणा तिथे कोणी केला नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पायाकडे बघणं शोभलंही नसतं.

त्या हिवाळ्यात आत्याच्या तळव्यात काटा शिरला. तिला पत्ताच नव्हता. ती अनवाणी खोलीत शिरताना डॉक्टरनेच जखम पाहिली, मंजुरी मागवली, पट्ट्या केल्या आणि पाय बरा झाला.

"अनवाणी फिरवून राह्यले तं काटा लागनच ना!" बाबा म्हणाले. पुन्हा आम्ही हसलो.

महिनाभरात आमच्या घरात वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून मी कपाट सरकवलं, पलंगाखाली झाडलं. दोन दिवस शोधत होते. वास बाबांच्या मोज्यातून येत होता.

डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. आमच्या पसंतीच्या दवाखान्यात, आमच्या पसंतीच्या सर्जनकडून, आणि कोणाचीही परवानगी न घेता. विम्याने शब्द पाळला.

आत्या आली. उंबऱ्यापाशी चप्पल काढली, खाली बसली आणि बाबांचा पाय मांडीवर घेतला. त्या दिवशी कोणी कोणाला चिडवलं नाही. मग तिने माझ्याकडची जाडजूड फाईल पाहिली.

"एवढ्या कागदात पायाचा एक बी कागद नाई?"

मी फाईल चाळल्यासारखं केलं. बोटं कापायच्या आधीचा एकही कागद पायाचा नव्हता, हे मला माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांना चार शिव्या घालायला मी तोंड उघडलं.

"ते तं दूरचे लोक," आत्या म्हणाली. "तू तं घरीच होती ना व?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवर फाईल तशीच होती, तारीखवार लावलेली.