खाली न उतरलेला ड्रायव्हर

शेलार गावच्या रस्त्यावर मरून पडलेली ती म्हैस मी अजून विसरलेलो नाही. भिवंडीत नेमणूक असताना अपघाताचे पंचनामे पुष्कळ केले. पण अंगावर ओरखडाही नसलेलं मेलेलं जनावर आणि शेजारी केबिनमध्ये स्वतःला कोंडून घेतलेला ड्रायव्हर, असा प्रकार एकदाच पाहिला.

दुपारची वेळ होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाले, "साहेब, कंटेनरवाल्यानं म्हैस मारली. गाव जमलंय. ड्रायव्हर दार लावून बसलाय, उतरत नाही." स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून मी दोन शिपायांसह जीपमध्ये बसलो.

पोहोचलो तोवर दगडफेक होऊन गेली होती. समोरची काच फुटली होती आणि ड्रायव्हरच्या कपाळातून रक्त येत होतं. म्हशीचा मालक, गावातला पन्नाशीचा शेतकरी, रागाने ओरडत पुढे आला.

"सायेब, यानं माझी म्हस मारली. वर मनाच बाटली फेकून मारली! त्यो दारू प्यालाय."

गर्दी मागे सारल्यावर ड्रायव्हर निमूटपणे उतरला. तोंडाला दारूचा वास नव्हता. त्याला जीपमध्ये बसवून मी म्हशीभोवती एक फेरी मारली. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही. बंपर स्वच्छ, चाकांना काही लागलेलं नाही. शिवाय म्हैस पडली होती ती कंटेनरच्या मागच्या बाजूला. पुढे जाणारी गाडी मागच्या जनावराला मारते कशी? हे कोडं काही सुटेना. पंचनाम्यात मी जसं दिसलं तसं लिहून घेतलं आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावणं पाठवलं.

कंटेनर पोलीस ठाण्याच्या आवारात आणून लावला. ड्रायव्हर उत्तरेकडचा, चाळिशीचा. कपाळाला पट्टी बांधून झाल्यावर त्याच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "साहब, गाडी पे तार अटका था. करंट था उसमें."

त्याने सांगितलं ते असं. वर काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून त्याने आरशात पाहिलं, तर कंटेनरच्या कोपऱ्यात एक तार अडकून ठिणग्या उडत होत्या. गाडी तशीच पुढे नेली असती तर तार तुटून कोणाच्या तरी अंगावर पडली असती. म्हणून तो जागीच थांबला, चारही इंडिकेटर चालू केले आणि हॉर्न वाजवत राहिला. एवढ्यात मागून कडेने आलेली म्हैस कंटेनरच्या मागच्या टोकाला खांदा घासून गेली आणि तिथेच कोसळली. मालक तिच्याकडे धावला.

"मैं चिल्लाया, हाथ मत लगाना. वो सुनताही नहीं था. इसलिए पानी की बोतल फेंका."

मालक चिडून गावात माणसं आणायला गेला. तेवढ्या वेळात कोणीतरी बांबू घेऊन आला आणि तार काढून घेऊन गेला.

"तू उतरला का नाहीस?"

"एक पाँव जमीन पे और हाथ गाडी को, तो खतम. ट्रेनिंग में बताया था. बाकी सब भूल गया, इतना याद रहा. बाद में पब्लिक आ गया, तब तो उतरने का सवालही नहीं."

माझा एक शिपाई हसला. मी वीज कार्यालयात फोन लावला. त्या ठिकाणी रस्त्यावरून आमची एकही तार जात नाही, असं ठाम उत्तर आलं. आता माझ्याजवळ एक मेलेली म्हैस होती आणि नसलेली तार.

तासाभराने ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, दबका. "साहेब, म्हशीत काय बघताय? गाडीच्या टपावर बघा. आणि रस्त्याकडेच्या शेडमधले लूम दुपारीच का बंद पडले, ते विचारा." फोन ठेवला गेला. ती कोण, हे मी शोधलं नाही. खबर देणाऱ्याला शोधत बसलं की पुढच्या वेळी खबर येत नाही.

शिपायाला टपावर चढवलं. कोपऱ्यात ताजा काळा डाग होता आणि त्याला वितळून चिकटलेलं लाल प्लास्टिक. आम्ही पुन्हा जागेवर गेलो. रस्त्याच्या एका बाजूला विजेचा खांब, समोरच्या बाजूला लूमची, म्हणजे यंत्रमागाची शेड. शेडच्या पत्र्याखालून तशीच लाल तार हातभर बाहेर आली होती, टोक नुकतंच कापलेलं. खांबावर आकडा टाकून रस्त्यावरून चोरून वीज घेतली जात होती.

शेडच्या वायरमनला ठाण्यात आणलं. बराच वेळ तो "मला काही माहीत नाही" एवढंच म्हणत होता. मी तारेचा विषयच सोडून दिला. घर कुठे, मुलं किती, असं विचारत गेलो. कामतघरला राहतो म्हणाला. मग मध्येच काळजीने विचारलं, "अरे, बांबू कोरडा होता ना? नाहीतर तूच गेला असतास."

"कोरडाच होता साहेब, मी बघूनच..." एवढं बोलून तो थांबला आणि त्याने मान खाली घातली. पुढचा जबाब नोंदवायला वेळ लागला नाही. त्याच्या जबाबावरून शेडच्या मालकालाही आणलं आणि दोघांवर वीजचोरीचा व निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. खांद्यावरचा भाजल्याचा डाग आणि विजेच्या धक्क्याने मृत्यू, असा म्हशीचा अहवालही आला.

म्हशीच्या मालकाला जबाबासाठी बोलावून मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला उठवाया गाडीला धरून वाकनार व्हतो, सायेब. हात पुढं केला व्हता. मना वाटलं, यो शिव्या देतंय." बाहेर बाकावर ड्रायव्हर बसला होता. मालक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "खाना खाया क्या? चल, घर चल."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दोघे फाटकातून बाहेर पडले.

गाडीवर तार पडली तर आतल्याने आतच बसावं आणि बाहेरच्याने लांब राहून वीज बंद करायला कळवावं. गाडीने पेटच घेतला तर दोन्ही पाय जुळवून, गाडीला हात न लावता बाहेर उडी टाकावी आणि पाय न उचलता, ते घासत, छोट्या पावलांनी दूर जावं. हे मी पुढे प्रत्येक ड्रायव्हर मेळाव्यात सांगत आलो. पण त्या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच. माणूस विचित्र वागताना दिसला की आपण सगळे त्याला विचारतो, "काय केलंस?" त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत, समोर कोणीही बसलेला असो, माझा पहिला प्रश्न एकच असे: "तुला काय दिसलं?"