गोऱ्याचा सिनेमा आणि माझं वाक्य

माझा आवाज शेवटच्या रांगेत शेकोटी पेटवून बसलेल्या माणसापर्यंत जातो. ही बढाई नाही. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात ज्या बाईचा आवाज तिथवर पोचत नाही, तिला पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही. दिवाळी सरली, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांत मी तरुणपणापासून रडले, ओरडले, मेले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा मेले. एवढं सगळं करून परदेशात माझं कौतुक झालं ते कशासाठी, तर तोंड मिटून उभी राहिले म्हणून. ज्या माणसामुळे हे झालं त्याच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तो अमेरिकेतून आला होता. तिकडे म्हणे सिनेमे दोन जातीचे असतात. एक मोठ्या कंपन्यांचे, ते आपल्याकडे टीव्हीवर लागतात. दुसरे याच्यासारख्यांचे. त्यात हिरो नसतो, गाणी नसतात, आणि गोष्ट काय आहे असं विचारलं तर हे लोक आपल्याकडे दयेने बघून हसतात. अशांना तिकडे स्वतंत्र म्हणतात. स्वतंत्र म्हणजे कोणाचंच ऐकायचं नाही, एवढं मला लवकरच कळलं.

त्याच्यासोबत तिघं होती. एक कॅमेरा धरायचा. दुसरा लांब दांडीला केसाळ बोळा लावून तलावाकाठी बेडकांचे आवाज भरून घ्यायचा. तिसरी बाई उरलेलं सगळं करायची, म्हणजे बहुतेक वेळ ढगांकडे बघत बसायची. ऊन मनासारखं पडलं नाही तर त्या दिवशी काम बंद. दिवे लावायचे नाहीत, हा त्यांचा धर्म होता. गोरा स्वतःचं ताट स्वतः धुवायचा आणि चटई टाकून जमिनीवर झोपायचा, त्यामुळे आमची सगळी वसाहत विरघळली होती. "लय साधा मानूस हाये व," असं जो तो म्हणत होता. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे तो जमिनीवर झोपला तर त्यात कसलं आलंय कौतुक?

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. आम्ही राहतो ती वसाहत सरकारने आखून दिलेली, सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट. गोऱ्याला गाव बुडालेली बाई हवी होती, आणि ती नाटकातली असली तर बरंच. साकोलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई त्याच्या दुभाषी म्हणून फिरत होत्या. त्यांनी त्याला आमच्या दारात आणून उभं केलं. एक बाई रोज पाण्याकाठी येते आणि पाण्याकडे बघते, एवढाच सिनेमा. मी हो म्हटलं, पण एका अटीवर.

अट म्हणजे एक वाक्य होतं. गाव सोडायच्या दिवशी माझ्या सासूबाई घराची सागवानी चौकट उखडून ट्रॅक्टरवर चढवून घेत होत्या. तिथे उभा असलेला एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "मायबाई, पानी आलं, आता कोनाचा इलाज आहे?" चौकटीवरचा हात न काढता सासूबाई म्हणाल्या, "पानी आलं नाई बाबू, पानी आनलं." त्या पुढे नव्या घरात फार दिवस जगल्या नाहीत. मी गोऱ्याला म्हटलं, जगभर दाखवणार असशील तर हे वाक्य सिनेमात पाहिजे. नाहीतर तुझी पाणी बघणारी बाई दुसरीकडे शोध. बाईंनी इंग्रजीत सांगितलं. त्याने छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, हे वाक्य म्हणजे या सिनेमाचा प्राण आहे."

प्राणच तो. कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

पहिलं भांडण तोंडावरून झालं. मी पावडर, काजळ, चांगली जरीची साडी अशी तयार होऊन गेले. त्याने मला नळावर नेऊन तोंड धुवायला लावलं. मग त्याची नजर आमच्या घराकडे वळली. छपरावरची डिश काढली, प्लास्टिकच्या खुर्च्या लपवल्या, आणि आमच्या आणि शेजारणीच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतींवर चिखल फासला. शेजारीण कमरेवर हात ठेवून ते बघत होती. "काहून वो, याच्या देशात रंग भेटत नाही का?" ती म्हणाली. "आमी एवढ्या वर्षांनी भिंत पिवळी केली अन् हा तिले मातेरं करून राहिला!" बाईंनी हे इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, गोऱ्याने तिला हात जोडून नमस्कार केला.

दुसरं भांडण पाठीवरून. मी कॅमेऱ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत राहावं असं त्याला वाटत होतं. मी साफ नाही म्हटलं. पहिल्याच वर्षी आमच्या नाटकाच्या मास्तरांनी मला बजावलं होतं, लोक थंडीत जमिनीवर बसून आपल्याला बघतात, त्यांना पाठ दाखवणं म्हणजे शिवी देणं. बोलताना तर कधीच नाही. सगळी सकाळ या एका गोष्टीवर गेली. शेवटी ऊन सरकायला लागलं म्हणून त्याने माघार घेतली आणि कॅमेरा माझ्या तोंडासमोर आला.

आता तिसरी गोष्ट. ती समजायला आमच्या नाटकाची रीत ठाऊक पाहिजे. आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरंच, असा आमचा हंगाम चालतो. पाठांतराला वेळ कुठला? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो हळू आवाजात वाक्य टाकतो, नट ते झेलतो आणि लोकांत फेकतो. माझे यजमान जन्मभर प्रॉम्प्टर आहेत. त्यांचा आवाज प्रेक्षकांनी कधी ऐकला नाही, आणि माझ्या तोंडून गेलेला प्रत्येक शब्द आधी त्यांच्या तोंडातून निघालेला आहे. त्या दिवशीही ते कॅमेऱ्याशेजारी उकिडवे बसले होते. मला धीर होता.

ऊन माझ्या डोळ्यांवर होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. त्या केसाळ बोळ्यात यजमानांची कुजबुज येत होती म्हणे. त्यामुळे मी जागेवर उभी राहिल्यावर गोऱ्याने त्यांना हाताला धरून पार लांब मोहाच्या झाडामागे नेऊन उभं केलं. मला कोणी सांगितलं नाही. त्याने हात हलवला. मी वाक्याची वाट बघत उभी राहिले. वाक्य येईना. मान थोडी विंगेकडे, म्हणजे जिथे विंग असायला हवी होती तिकडे कलली. कान टवकारले. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं. तरी वाक्य येईना.

वाक्य तर तुला पाठच होतं, मग बोलली का नाहीस, असं लोक मला विचारतात. सासूचं वाक्य मी विसरेन का? पण आधी त्यांचा आवाज, मग माझा, ही सवय हाडात गेली आहे. मी नुसती उभीच राहिले. बऱ्याच वेळाने गोरा धावत आला आणि मला मिठी मारून ढसाढसा रडला.

"अरे थांब ना बे, माहं वाक्य राहिलं!" मी ओरडले.

बाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, उद्या."

उद्या ढग आले. परवा ऊन पडलं तेव्हा मी वाक्य म्हटलं, चांगलं शेवटच्या रांगेपर्यंत. तो म्हणाला, हळू. मी हळू म्हटलं. तो म्हणाला, आणखी हळू. असं करत करत माझ्या सासूची हाक त्याने कानगोष्टीवर आणून ठेवली. तरी मी सोसलं, कारण वाक्य भरून घेतलं होतं. मग ते लोक गेले, आणि डिश छपरावर आम्हीच परत चढवली.

पुढच्या हिवाळ्यात तो सिनेमा घेऊन आला. समाजमंदिरात संध्याकाळी पडदा लावला. तिकडच्या लोकांनी काय काय लिहिलंय ते बाईंनी मला मोबाइलवरून वाचून दाखवलं. माझ्या मौनात म्हणे शतकांचं दुःख आहे. मी म्हटलं, "बाई, त्याईले सांगा, शतकं नाही, मी प्रॉम्प्टची वाट पाहून राहिली होती." बाई हसल्या. पण सांगितलं नसणार.

सगळी वसाहत आली होती. गोरा पडद्याच्या कडेला, आमच्याकडे तोंड करून उभा होता, हातात लहान कॅमेरा. बघताना आमचे चेहरे कसे होतात तेही त्याला हवं होतं. मी आणि यजमान पहिल्या रांगेत बसलो.

सुरुवातीला इंग्रजी अक्षरं आली. बाईंनी अर्थ सांगितला, नदीने गिळलेल्या गावाची ही कहाणी आहे. मागे मासेमारी करणारे धिवर बसले होते, त्यांच्यात कुजबुज झाली. "नदीनं? वैनगंगेनं काय केलं बिचारीनं?" पुढे पाणी, म्हैस, पुन्हा पाणी. धरणाची भिंत नाही, दरवाजे नाहीत, ट्रॅक्टर नाहीत. आमची वसाहतसुद्धा अशी दिसत होती, की आम्ही पहिल्यापासून चिखलातच जन्मलो. आणि मग पडदाभर माझं तोंड आलं. कललेली मान, टवकारलेले कान. ते हलेचना.

तिकडच्या लोकांना त्यात काय दिसायचं ते दिसो. आमच्या लोकांनी जन्मभर मंडईची नाटकं बघितली आहेत. वाक्य न पोचलेला नट कसा दिसतो ते इथल्या पोरासोरांनाही कळतं. मागून कोणीतरी ओरडलंच, "प्रॉम्प्टर झोपला का बे!" आणि अख्खं समाजमंदिर हसलं.

मीही हसले असते. पण शेजारी यजमान हसत नव्हते. त्यांनी गुडघे घट्ट धरले होते. त्यांनी आयुष्यात कधी वाक्य चुकवलेलं नव्हतं, आणि आता सगळ्या जगात त्यांची चूक म्हणून हे तोंड फिरत होतं. मला त्या गोऱ्याचा असा संताप आला की कानशिलं तापली. माझं तोंड पडद्यावरून गेलं, पुन्हा पाणी आलं, आणि मी समजले. वाक्य नाहीच. हळू नाही, आणखी हळूही नाही. काढूनच टाकलंय.

तेव्हा शेजारून, फक्त मलाच ऐकू येईल असा, माझ्या ओळखीचा आवाज आला. "पानी आलं नाई..."

मी उठले. गोऱ्याला ते दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला. कॅमेरा वर आला, त्यावरचा लाल ठिपका पेटला. त्याला पुढचा सिनेमा सापडला होता. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पूर्ण वळले. तोंड लोकांकडे, पाठ त्याच्याकडे. त्याला कधीचीच हवी होती ना.

"पानी आलं नाई बाबू," मी म्हटलं, "पानी आनलं!"

यजमान पुढचं टाकत गेले, मी फेकत गेले. हे कुठल्या नाटकात नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. चौकट कोणी उखडली, चिंचेखालची शाळा, तलावाची पाळ, कोणाची गाय ट्रॅक्टरमागे चालत आली, सगळं. गोरा माझं तोंड मिळवायला बाजूने पुढे यायला निघाला, तर वाटेत बसलेल्या म्हाताऱ्या धिवराने पसरलेले पाय काही केल्या आवरले नाहीत. बाईही जागेवरून हलल्या नाहीत. त्याने खुणेने काय काय विचारलं, त्यांनी एक शब्द इंग्रजीत सांगितला नाही.

माझं संपलं तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटच्या रांगेतून तोच मघाचा आवाज आला, "वन्स मोर!"

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला. आधी ते म्हणाले, मग मी.