मधल्या बोल्टापासून

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं. आमची मोटार ट्रान्सपोर्टची तुकडी परभणीत होती. मी नायक शिवलिंग, गाव ताडकळस. माझ्याच हुद्द्याचा काशिम गंगाखेडचा. दोघंही फिटर आणि ड्रायव्हर. पण इंजिनाचं काही निघालं की जमादारसाहेबांच्या तोंडी एकच नाव, काशिम. माझ्या पोटात दुखायचं.

जमादारांचा दंडक होता, ज्यानं इंजिन आवळलं त्यानंच गाडी बाहेर काढायची. काम कच्चं राहिलं तर भोगायलाही तोच. त्यामुळं प्रत्येक मोहिमेवर काशिम आणि शेडमध्ये मी.

एका पावसाळ्यात ट्रकचं इंजिन सांध्याच्या फटीतून हवा ओढू लागलं. चढावर दम टाकायचं. इंजिनात हवा नेणारा नळ, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, उतरवून त्याच्या सांध्यातली चकती, गॅस्केट, बदलायची होती. काशिम तापानं पडलेला, म्हणून काम माझ्याकडं आलं. सगळे बोल्ट आधी हातानं बसवले. मग पाना घेतला. पहिल्यांदा मधले, मग त्यांच्या डावी-उजवीकडचे, शेवटी टोकांचे. कुठलाच एका दमात नाही. थोडं थोडं आवळत पुन्हा मधल्यापासून सुरुवात. एक टोक आधीच पिळलं तर दुसरं उचलतं आणि फटीतून हवा शिरते. जास्त जोर लावला तर मॅनिफोल्डचं ओतीव लोखंड तडकतं.

इंजिन चालू केलं. काशिम घोंगडी पांघरून बघायला आला. सांध्यावर त्यानं तेल सोडून पाहिलं. थेंबही आत ओढला गेला नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला.

दोन दिवसांत त्याचा ताप उतरला आणि त्याच दुपारी हुकूम आला. गोदावरीला पूर, गंगाखेडजवळ माणसं अडकलेली.

"काशिम, गाडी निकालो," जमादार म्हणाले.

"साहेब, इंजिन मी आवळलंय."

"मालूम है. नदी का रास्ता वो जानता है."

काशिम माझ्याकडं वळला. "गाडी तुझीच हाय, शिवलिंगा. मी फकस्त नेतो."

मी बाजूला सरलो. गाडी फाटकाबाहेर पडली. इंजिन सुरेख चाललं होतं आणि माझा जीव जळत होता.

काशिमनं फेऱ्या मारून अडकलेले सगळे वर काढले. शेवटची माणसं उतरवून गाडी वळवताना काठ ढासळला. गाडीसकट तो नदीत गेला.

मी त्याच्या आईला भेटायला गंगाखेडला गेलो. तिथं पुरातून वाचलेला एक शेतकरी बसला होता. माझं नाव ऐकून म्हणाला, "चढावर आमी लय भ्यालो होतो. काशिमभाई म्हनला, भिऊ नका, इंजिन शिवलिंगानं आवळलंय, दगा द्यायचं न्हाई."

मला रडू आवरलं नाही. त्या भागात पुराची गोष्ट निघाली की आजही काशिमचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच पाहिजे. मला त्याचा हेवा मात्र अजून वाटतो. त्याच्या जागी मी असतो आणि इंजिन त्यानं आवळलेलं असतं, तर त्याचं नाव मी घेतलं नसतं.