बाईंचे फुटाणे

आमच्या मधल्या जाऊबाई मोठ्या भासऱ्यांशी उभ्या जन्मात एकदाच बोलल्या. बाकी जे काही सांगायचं होतं ते त्यांनी दातांनी सांगितलं.

पुसदच्या त्या घरात मी छप्पन साली धाकटी सून म्हणून आले. मोठे भासरे, म्हणजे आमच्या नवऱ्यांचे थोरले भाऊ, कचेरीत हेडक्लार्क होते. धाकट्या भावांच्या बायकांनी त्यांच्यासमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी घराची रीत. पुरुष जेवून ओसरीवर गेले की आम्ही बायका बसायचो. पहिल्याच दिवशी जेवणं आटोपल्यावर मधल्या जाऊबाईंनी, त्यांना मी बाईच म्हणायची, ओसरीकडचं दार सताड उघडलं, उंबऱ्याच्या आत पाठमोऱ्या बसल्या आणि मूठभर फुटाणे खायला लागल्या. कडाम् कुडूम्. ओसरीवर सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला.

"माय, घरात घुशी झाल्या काय?" भासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं.

बाईंनी आणखी एक मूठ घेतली.

त्यामागची गोष्ट त्यांनी मला जवसाची चटणी कुटता कुटता सांगितली. पहिलं बाळंतपण झालेलं, पोर अंगावर पिणारं, आणि बाईंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. समोरचे दोन दात हलू लागले. वैद्यांनी रोज पेलाभर दूध सांगितलं. गोठ्यात दोन गाई होत्या. सासूबाईंनी थोरल्या लेकाला विचारलं, तर ते आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दूध कमावत्याचं असते. दात पडले तर बरंच आहे, भाकर कमी लागन." बाईंचे यजमान तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले. मी तेव्हा त्या घरात नव्हते, तरी ते उलटलेलं पान मला आजही झोंबतं.

"तवापासून दूध नाही, दही नाही, तूप नाही, ताकाचा थेंब नाही," बाई म्हणाल्या. "आता पाहून राह्यली मी, त्याईचे दात आधी जातात का माहे."

मग त्यांनी ते हलणारे दात वाचवायला कंबर कसली. सकाळी बाभळीची कोवळी काडी चावून तिचा कुंचा करायच्या, तो दातांवरून फिरवायच्या आणि मीठतेलानं हिरड्या चोळायच्या. शेजारणी तंबाखूची मिसरी लावत, बाईंनी तिला बोट लावलं नाही. न्याहारीच्या आधी चमचाभर तीळ, तेही अगदी पीठ होईपर्यंत चावून. जवस, शेंगदाणे, तरोट्याची भाजी, शेवग्याचा पाला, हिवाळाभर आवळे. गोड खाल्लं की लगेच खळखळून चूळ. मी एकदा विचारलं, दुधाशिवाय हाडं कशी टिकायची? "गाय कोणाचं दूध पिते वं? तिले पाल्यातूनच भेटते ना सारं," त्या म्हणाल्या. समोरचे दोन्ही दात वर्षभरात घट्ट झाले होते.

भासऱ्यांचं नेमकं उलट. रोज तिन्हीसांजेला साखर घातलेलं आटीव दूध, वर तंबाखू-सुपारी, आणि चूळ भरायचा कंटाळा.

एका उन्हाळ्यात मात्र बाईंची खालची दाढ ठणकायला लागली. हिरडी सुजून गाल टम्म फुगला. बाभळीच्या सालीचा काढा, तुरटीचं पाणी, लवंग, सगळं चाललं होतं. पण त्या इतक्या घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "हे गेली तर ते जिंकले," एवढंच म्हणायच्या. मला राहवलं नाही. मी गुपचूप पेलाभर दूध पुढे केलं. त्यांनी पेला घेतला, परसात गेल्या आणि खुंट्याला बांधलेल्या वासरापुढे धरला. "ज्याचं त्याले," म्हणाल्या. आठवड्यानं सूज उतरली आणि दाढ जागच्या जागी राहिली. त्या दिवशी फुटाण्यांचा आवाज जरा जास्तच झाला. खोटं कशाला बोलू, मलाही तो गोड लागला.

पुढच्या काही वर्षांत भासऱ्यांचे दात एकेक करून गेले. पहिले बाजारात चटई टाकून बसणाऱ्या दातवाल्यानं उपटले, उरलेले आपसूक पडले. नागपूरहून कवळी आणली, ती टोचायची म्हणून फडताळातच पडून असे. तोवर सासूबाई गेल्या, मोठ्या जाऊबाई गेल्या, त्यांची मुलं नोकरीच्या गावी राहू लागली. भासऱ्यांचं ताट आमच्याकडे आलं. पोटही बिघडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दूध. चव म्हणून दुसरं काही द्यायचं तर अगदी पूड करून, चिमूटभर.

बाई रोज दूध आटवायच्या, साखर घालायच्या आणि मी ते ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. तीन महिने दुसरं काही नाही. दाराआड फुटाणे चालूच होते.

एक दिवस भासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणी दोन फुटाणे कुटून द्या वं. दुधाचा वीट आला." आवाज इतका बारीक होता की माझा जीव कळवळला. मी खलबत्ता पुढे ओढला, बत्ता उचलला. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग डोक्यावरचा पदर नीट केला, दुधाचा पेला उचलला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दूध कमावत्याचं असते, भाऊजी. घ्या."

भासऱ्यांनी मान वर केली. ते शब्द त्यांना आठवले होते, हे मी दारातून स्पष्ट पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला. बाई तिथंच खाली बसल्या, ओच्यातून फुटाणे काढले आणि एकेक करत, सावकाश खाल्ले.

त्या महिन्यातच ते गेले. त्यानंतर बाईंनी फुटाण्यांना कधी हात लावला नाही, काडी आणि तीळ मात्र सोडले नाहीत. पुष्कळ वर्षांनी बाई गेल्या तेव्हा आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, म्हातारीचे दात तर पोरीचे आहेत. ही हकीकत ऐकून आमच्या सुना हळहळतात. शेवटच्या वेळी तरी दोन फुटाणे कुटून द्यायचे होते, म्हणतात. बाईंना कशाला बोल लावता? बाई ओसरीवर होत्या, बत्ता माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.