मन्मथअप्पा आणि बिनखिडकीचा बंगला

कुणाच्याही घरी गेले की मन्मथअप्पा चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायचे. यजमान नव्या सोफ्याकडे हात करून उभे, आणि पाहुणे आत ओट्याची उंची वितीनं मोजताहेत! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, माणूस उपाशी दिसतोय. अप्पा म्हणायचे, "दिवाणखाना म्हंजे तोंडाला लावलेली पावडर. घराची तब्येत बघायची तर हिथं बघावी."

लातुरातून निघणाऱ्या 'चौकट' या घरबांधणीच्या मासिकाचे ते संपादक. मी तिथं सहा वर्षं मुद्रितं तपासली. अप्पांची स्वतःची अकरा पुस्तकं होती. पायावर, जिन्यांवर, गिलाव्यावर, गच्चीच्या गळतीवर. त्यातलं गळतीचं सगळ्यात जास्त खपलं, यावरून आमच्याकडच्या बांधकामाची कल्पना यावी. स्वतः अप्पा मात्र जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. कुणी टोमणा मारला तर म्हणायचे, "डाक्टरनं काय रोज आजारी पडावं का?"

वाचक आधी उघडत ते वास्तुशास्त्राचं पान. अप्पांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण ते पान गाळलं की खप कोसळायचा. मग नांदेडच्या एका काल्पनिक शास्त्रीबुवांच्या नावानं अप्पाच उत्तरं लिहीत. जळकोटच्या एका बाईंनी विचारलं, घरात सारखी भांडणं होतात, कोणती दिशा बिघडली असेल? शास्त्रीबुवांनी कळवलं, पूर्वेला खिडकी पाडावी आणि सासूबाईंना वेगळा पंखा घ्यावा. बाई पेढे घेऊन बुवांच्या दर्शनाला कचेरीत हजर! "बुवा काशीला गेल्यात," असं सांगून अप्पांनी पेढे ठेवून घेतले.

औशाचे एक सिमेंटचे व्यापारी आमचे सगळ्यात मोठे जाहिरातदार. त्यांनी बंगला बांधला आणि मुखपृष्ठावर तोच हवा असा निरोप धाडला. आम्ही गेलो. दारात बारा खांब, अंगणात कारंजं, वर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी. "लिवा अप्पा, असं घर जिल्ह्यात न्हाई!" शेटजी म्हणाले. अप्पा स्वयंपाकघरात पोचले होते. तीन बाजूंनी खोल्या, चौथीला रस्त्याकडची सलग भिंत, एकही खिडकी नाही. शेटजींच्या पत्नी, सुरेखाताई, घामानं निथळत भाकरी थापत होत्या.

"ताई, घर कसं हाय?"

"चांगलं हाय की." शेटजींचा फोन वाजला, ते बाहेर गेले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "दिवसा बी लाईट लावावी लागती. दम कोंडतो."

परतताना एसटीत मी अप्पांना विनवलं, "चार ओळी गोड लिहा. आपलं मासिक त्यांच्यावर चालतं."

"गिलावा मला बी येतो गं. पण भेगेवर गिलावा केला की माणूस निवांत झोपतो आन् भिंत अंगावर येती."

लेख छापून आला. मथळा होता 'खांब बारा, खिडकी शून्य.' शेटजींनी जाहिरात काढून घेतली, त्यांचं बघून इतरांनीही. चार अंकांत 'चौकट' बंद पडलं. अहमदपूरच्या शाळेत कारकुनी धरायला निघताना मी अप्पांना रागानं म्हणाले, "एका खिडकीपायी मासिक घालवलंत." ते माझ्या पुस्तकांची पेटी उचलून रिक्षापर्यंत आले.

गेल्या वर्षी अप्पा गेले. लातूरच्या शोकसभेत गळक्या इमारती बांधणाऱ्यांनी 'आमचे मार्गदर्शक' म्हणून डोळे पुसले. सभा संपल्यावर एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. सुरेखाताई.

"खिडकी पाडली मी," त्या म्हणाल्या. "हे ऐकंनात. मग तो लेख गवंड्याला दावला आन् म्हटलं, छापून आलंय, आता पाड. हे दोन महिने बोलले न्हाईत माझ्याशी."

"मग?"

"मग काय? मी पोळ्या लाटता लाटता रस्त्यावरची माणसं बघत बसले."