एक जूनच्या बायका

आईची नोंदणी करताना काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली आणि मी ठसक्यात स्वतःचीच सांगून टाकली.

"म्हंजे आजी तुमची जुळी भन हाय व्हय, पावणं?"

मागची रांग हसली. मीही हसलो आणि दुरुस्ती केली : एक जून.

आईच्या पिढीत खरी तारीख कुणाला ठाऊक नसली की मास्तर शाळेत एक जून घालून मोकळे व्हायचे. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस त्या दिवशी येतो. हे मला आधी सुचायला हवं होतं, कारण कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याची नोंदणीची यंत्रणा मीच बनवली होती. नाव आणि जन्मतारीख टाका, पेशंट हजर, असं मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं. मीटिंगला पेशंट एकही नव्हता. बिस्किटं होती.

आईच्या डाव्या स्तनात गाठ होती. तिचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला, साधी गाठ. मी गल्लीभर पेढे वाटले.

तीन महिन्यांनी दवाखान्याचा फोन आला. पन्हाळ्याकडची एक बाई, नाव आईचंच, साल तेच, तारीख एक जून. तिला कॅन्सर सांगितलेला. भीतीनं ती घरीच बसली. शेवटी ऑपरेशनला आली, तेव्हा डॉक्टरांनी पाहिलं : कागदावर गाठ डावीकडं, बाईची उजवीकडं. दोघींचे रिपोर्ट एकमेकींच्या फायलीत गेले होते.

घरी आल्यावर मी आमचा कागद काढला. त्यावर स्पष्ट छापलं होतं, उजवी. मी फक्त 'साधी' वाचलं होतं.

आईला पुन्हा तपासलं. "पसरलाय," डॉक्टर म्हणाले. पुढचं ते मलाच सांगत होते, आईकडं न बघता.

रिक्षात मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी बेंदराच्या दिवशी जन्मले. बैलं मिरवायला निघाली आन् माझ्या आईला कळा सुटल्या. सांगितलं असतं की. इचारलं कुणी?"

माझ्या यंत्रणेत बेंदूर लिहायला रकाना नव्हता. विचारलं तर मीही नव्हतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. आईला, म्हणजे तिच्या आत्याबाईंना, उद्या दवाखान्यात दाखल करायचं होतं; ती आईच्या साड्या पिशवीत भरू लागली. मग म्हणाली, "अहो, उद्या आत्याबाईंबरोबर दवाखान्यात मी जाते. तुम्ही पन्हाळ्याला जावा, त्या बाईंकडं. तीन महिने मरणाची वाट बघत बसल्या त्या. फोन करू नका, जाऊन या."