खाऱ्या पाण्याचं वरण

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा नळाला बोअरचं खारं पाणी यायचं. त्यात डाळ शिजता शिजायची नाही, चहा फाटायचा आणि पाहुणे पहिल्या घोटालाच तोंड वेडंवाकडं करायचे. आम्हाला सवय झाली होती.

मुलगी पाच वर्षांची असताना तिचे कॅन्सरचे उपचार संपले. "आता हिला खाऊ घाला, वजन वाढलं पाहिजे. पाणी तेवढं उकळलेलं द्या," डॉक्टर म्हणाले. मी कंबर कसली. माझ्या लेकीच्या पोटात आता ते बोअरचं पाणी? अजिबात नाही. हे रोज ऑफिसातून गोड्या पाण्याचा कॅन आणायचे. मी ते उकळून तिचा स्वयंपाक त्यातच करायचे.

शिरा झाला, खिचडी झाली, तूप घातलेला वरणभात झाला. ती घास गालात धरून बसायची. "आई, चमचा चाटल्यासारखं लागतंय." मी हाताने भरवायला लागले, स्टीलची ताटली काढून प्लास्टिकची आणली. तरी तेच. फ्रॉक तिच्या खांद्यावरून घसरायचे. मला भीती वाटायची आणि भीती वाटली की मी तिच्यावरच ओरडायचे. औषधांनी जिभेची चव गेली असली, तर ती बिचारी काय करणार?

एका संध्याकाळी ह्यांना यायला उशीर झाला. घरात गोडं पाणी थेंबभर नव्हतं आणि ती तर भुकेची वेळ चुकली की झोपून जायची. मी चरफडत नळाचं पाणी खळखळ उकळलं आणि कुकर लावला. डाळ कणीदारच राहिली.

तिने घास घेतला आणि थांबली. आता थुंकणार म्हणून मी टॉवेल पुढे केला.

"आई, हे आपलं वरण आहे."

"मग इतके दिवस कोणाचं होतं?"

"हॉस्पिटलचं," ती म्हणाली आणि ताटली पुढे केली. "अजून वाढ."

मी वाढलं. रडू आवरत नव्हतं. तिचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

ती झोपल्यावर हे आले, कॅन घेऊन, जिने चढून दमलेले. मी म्हटलं, "आता हे आपल्या चहाला. तिला नळाचंच."

"जेवली?"

"दोनदा मागून घेतलं."

माझ्यावर त्यांचा विश्वास बसेना. चपलाही न काढता ते मोरीपाशी गेले आणि तिची ताटली उचलून उजेडात धरली. भाताचं एक शीतसुद्धा नव्हतं.